फॉक्सप्रो चालतं, प्रिंटर बंद पडतो

दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला काही ठरलेले फोन येतात. एखादा नारायण पेठेतल्या घाऊक दुकानातून, एखादा भोसरीच्या वर्कशॉपमधून, आणि पतसंस्थेतून तर हमखास. तक्रार एकच: मार्चअखेर झाली, वर्ष बंद करून शिल्लका पुढे ओढायच्या आहेत आणि प्रोग्रॅम कुठेतरी अडून बसलाय. हे सगळे प्रोग्रॅम फॉक्सप्रोत लिहिलेले. त्यातले थोडे माझे. बाकीचे ज्यांनी लिहिले ते लोक अमेरिकेला गेले, बांधकामाच्या धंद्यात पडले किंवा निवृत्त होऊन फोन उचलेनासे झाले. डॉसवर चालणारी फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 2.6, ती 1994 ची. पतसंस्थेच्या काउंटरवर आज बसणारी मुलगी त्यानंतर जन्मली आहे. तिला या प्रोग्रॅमचं ना कौतुक, ना लाज. निळा पडदा येतो, खातेक्रमांक टाकला की नाव येतं, आणि माउसला हात न लावता एंटर-एंटर करत ती पावती काढून मोकळी होते.

लग्नकार्यात भेटणारे हिंजवडीच्या आयटीतले लोक विचारतात, "हे अजून चालतं?" त्यांच्यातल्या काहींच्या कंपनीचं पोट कोबोल या त्याहून जुन्या भाषेवर भरतं, हे मग त्यांना सांगावं लागतं.

मी दोन्ही घरं पाहिली आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टिळक रोडवरच्या एका क्लासमध्ये डीबेस थ्री प्लस आणि पाठोपाठ फॉक्सप्रो शिकलो, पेठांतून पार्ट्या मिळवल्या. वायटूकेची, म्हणजे सन 2000 साठी तारखा दुरुस्त करण्याची, लाट आली तेव्हा कोबोल शिकून एका मोठ्या कंपनीत शिरलो आणि एका अमेरिकन विमा कंपनीचे प्रोग्रॅम सांभाळले. रात्रपाळ्यांना कंटाळलो तेव्हा पुन्हा पेठांत परतलो. त्यामुळे जुन्या भाषा का टिकतात या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर नाही. दोन आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी जमत नाही.

आधी श्रीमंत घराचं सांगतो. 1959 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारानं कोबोलची समिती बसली. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेची छाप तिच्या कामावर होती. 1960 च्या डिसेंबरात एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि रेमिंग्टन रँड अशा दोन कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला. आज यात कुणाला काही वाटणार नाही. पण तोवर यंत्र बदललं की प्रोग्रॅम बहुधा पहिल्यापासून लिहावा लागे. आपल्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या अगदी सुरुवातीलाही कोबोलच आहे. 1974 च्या सुमारास टीसीएसनं बरोज कंपनीसाठी घेतलेलं काम म्हणजे एका रुग्णालयाच्या हिशेबाचे प्रोग्रॅम बरोजच्या एका यंत्राच्या कोबोलमधून दुसऱ्या यंत्राच्या कोबोलमध्ये नेणं. काम मुंबईत झालं, तेही आयसीएलच्या यंत्रावर. जुन्याची डागडुजी परदेशासाठी करून देणं हा आपला धंदा तेव्हापासूनचा आहे; वायटूकेनं त्याला फक्त गर्दी जमवून दिली.

माझ्यासमोर आलेल्या पहिल्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर बदलांची यादी होती: तारीख, आद्याक्षरं, कारण. पहिली नोंद सत्तरच्या दशकातली. कोबोलच्या ओळीत पहिले सहा रकाने अनुक्रमांकाचे, सातवा खुणेचा, आठव्यापासून मजकूर आणि बहात्तरला थांबायचं. त्र्याहत्तर ते ऐंशी पुन्हा ओळखीसाठी राखलेले. कारण पंचकार्ड ऐंशी रकान्यांचं असे, आणि कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर क्रमांक पाहून तो पुन्हा लावता यायला हवा. आमच्या टीममध्ये एकानंही पंचकार्ड पाहिलेलं नव्हतं. तरी शेवटचा पूर्णविराम बहात्तरच्या पलीकडे गेला की कंपायलरच्या लेखी तो नसायचाच, आणि पुढची चार वाक्यं भलतीकडे जोडली जायची.

रात्रपाळीचा मुख्य पाहुणा म्हणजे एस-झिरो-सी-सेव्हन ही एरर. मेनफ्रेमवर रक्कम साठवण्याची एक जुनी काटकसरी रीत आहे: एका बाइटमध्ये दोन अंक, आणि अगदी शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उणेची खूण. त्या जागी कुठल्यातरी फायलीतून कोरी जागा किंवा अक्षर येऊन बसलं आणि प्रोग्रॅम बेरीज करायला गेला की यंत्र हात वर करतं. बॅच थांबते, अमेरिकेतली सकाळ जवळ यायला लागते आणि पुण्यात पहाटे कुणीतरी हेक्समधला डंप बोटानं वाचत बसतो. मला ते काम आवडायचं, हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. त्या डंपात सगळं असायचं. नव्या यंत्रणांत 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' एवढंच उमटतं, तसं नव्हतं.

त्याच जगात आयईएफबीआर14 नावाचा एक प्रोग्रॅम आहे. त्याचं काम काहीच न करणं. मूळ रूपात त्यात एकच सूचना होती: आलास तसा परत जा. त्यातही चूक निघाली. परत जाताना 'सगळं ठीक आहे' असा शून्य कोड ठेवायचा राहिला होता, म्हणून दुसरी सूचना घालावी लागली. प्रोग्रॅमिंग शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या तासाला सांगतो.

पण कोबोल टिकलं ते या गमतींमुळे नाही. 7 एप्रिल 1964 ला आयबीएमनं सिस्टिम/360 ही यंत्रांची मालिका जाहीर केली. तिच्यातली लहान-मोठी यंत्रं एकच प्रोग्रॅम चालवतील ही त्या घोषणेतली खरी गोष्ट. ते वचन पुढच्या पिढ्यांनाही लागू राहिलं. पत्ते चोवीस बिटांचे होते ते एकतीसचे झाले, मग 2000 मध्ये चौसष्टचे. खालचं लोखंड पार बदललं, पण वर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला ते कळू दिलं नाही. ही सोय फुकटची नाही. गिराइकं तिचं भाडं वापरलेल्या क्षमतेच्या हिशेबानं दर महिन्याला भरतात. बँका आणि विमा कंपन्यांचं कोबोल टिकलं, कारण त्याच्या खालची जमीन हलू नये म्हणून पैसे मोजणारं कुणीतरी आहे.

जिथे मोजत नाहीत तिथे काय होतं तेही दिसलं. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या धामधुमीत, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी बेरोजगार भत्त्याची यंत्रणा सावरायला कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी 'साठ वर्षांची भाषा' म्हणून मथळे केले. मला खटकला तो 'स्वयंसेवक' हा शब्द. भाषेचं वय निघालं, माणसांवर न झालेला खर्च कुणी काढला नाही.

आता दुसरं घर. फॉक्सप्रोचं घराणं डीबेसचं, आणि डीबेसचा जन्म जरा बेअब्रूचा आहे. वेन रॅटलिफ हे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करायचे. ऑफिसात फुटबॉलच्या निकालांवर पैज लागायची, तिच्यात आकडेवारीच्या जोरावर जिंकावं म्हणून त्यांनी घरी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. तोच पुढे ॲश्टन-टेट कंपनीनं डीबेस म्हणून विकला. फॉक्स सॉफ्टवेअर या ओहायोतल्या कंपनीनं त्याचीच बोली उचलून फार वेगवान नक्कल केली, 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी घेतली, 2004 मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 आलं, 2007 मध्ये पुढची आवृत्ती निघणार नाही असं सांगून टाकलं आणि जानेवारी 2015 मध्ये आधारही काढून घेतला. म्हणजे जमीन सांभाळायला कुणीच नाही. माझ्या पार्ट्यांना यातलं काही कळलं नाही. कळण्यासारखं काही घडलंच नाही: 2015 च्या फेब्रुवारीतही पावत्या निघत होत्या.

हे कसं, याचं माझ्या मते मोठं कारण भाषेत नाही, फायलीत आहे. डीबेस-फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. सुरुवातीला रकान्यांची यादी, प्रत्येक रकान्याला बत्तीस बाइट, नाव दहा अक्षरांच्या आत. आणि त्याखाली नोंदी, सरळ वाचता येतील अशा. रक्कम अंकांत लिहिलेली. तारीख आठ अंकांची: चार वर्षाचे, दोन महिन्याचे, दोन दिवसाचे. वायटूकेच्या वेळी मेनफ्रेमवर आम्ही दोन अंकी वर्षं शोधत हजारो ओळी चाळत होतो, तेव्हा पेठांतल्या डीबीएफ फायलींत आधीपासून चार अंकी वर्ष बसलेलं होतं. गोंधळ होता तो टंकताना: वर्षाचे दोनच अंक दाखवण्याची सवय असल्यामुळे '00' टाकलं की फॉक्सप्रो त्याला 1900 समजे. सेट सेंच्युरी ऑन ही ओळ घालायची, पडद्यावरचे रकाने दोन घरं रुंद करायचे. बहुतेक ठिकाणी तेवढ्यानं काम भागलं.

आणखी एक गुण लेखापरीक्षकांना फार आवडतो. फॉक्सप्रोत नोंद डिलीट केली तरी ती जात नाही. नोंदीच्या आधी एका अक्षराची जागा राखलेली असते, तिथे फक्त तारा उमटतो. पॅक म्हणेपर्यंत ती तिथेच, आणि रिकॉल म्हटलं की उठून बसते. 'चुकून उडालेल्या' नोंदी मी अशा बऱ्याच उठवल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी खोलीतला एक तरी चेहरा उतरलेला पाहिला आहे.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. वाटलं, संपलं. विक्रीकर, मग 2005 चा व्हॅट, इथपर्यंत रकाने वाढवून भागलं होतं; आता विवरणपत्र थेट पोर्टलवर. पण सरकारी ऑफलाइन टूल सीएसव्ही फाइल घेत होतं, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. आणि फॉक्सप्रोत 'कॉपी टू' लिहून पुढे 'डिलिमिटेड' म्हणायची सोय ऐंशीच्या दशकापासून पडून होती. थोडी मांडामांड केली आणि दुकानदाराचा जीएसटीआर-वन जायला लागला. याची हद्दही पुढे दिसली. ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं: बिल आधी सरकारी सर्व्हरकडे, तिकडून क्रमांक आणि क्यूआर कोड, तो बिलावर छापायचा. तिथे मी स्वतःच त्या पार्टीला म्हटलं, शेठ, आता दुसरं घ्या. त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

डीबीएफ मात्र इतरत्रही जिवंत आहे. नकाशांचं काम करणारी तरुण मुलं क्यूजीआयएसमध्ये शेपफाइल, म्हणजे नकाशाची फाइल, उघडतात. तिच्या सोबत असलेली माहितीची फाइल डीबीएफच असते. रकान्याचं नाव दहा अक्षरांवर का कापलं जातं म्हणून ती वैतागतात. फुटबॉलच्या पैजेपर्यंत जाणारं ते उत्तर ऐकायला मात्र कुणी थांबत नाही.

मग एरवी फोन कशाचे येतात? प्रिंटरचे. फॉक्सप्रो 'एलपीटी वन' नावाच्या बंदराकडे मजकूर टाकतं आणि तसं बंदर संगणकांवरून नाहीसं होऊन बरीच वर्षं झाली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून मिळतात, पावत्या-पासबुकांमुळे मिळतच राहतील, पण त्यांची वायर आता यूएसबीची. मग नेटवर्कच्या वाटेनं यूएसबीच्या प्रिंटरला एलपीटी वनचा मुखवटा चढवायचा. काही प्रोग्रॅमांना डोंगल असे, मागच्या पोर्टात अडकवायचं एक बोंडूक. ते हरवलं तर स्वतःच पैसे देऊन घेतलेला प्रोग्रॅम तुम्हाला ओळख देत नाही. भोसरीत तर एकदा उलटाच प्रकार पाहिला. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम नव्या पीसीवर सुरू होताच रनटाइम एरर 200 देऊन पडायचा. सुरुवातीला तो यंत्राचा वेग मोजण्यासाठी एक फेरी मारून भागाकार करायचा. यंत्र इतकं वेगवान झालं होतं की उत्तर ठरलेल्या जागेत मावेना. म्हातारा तंदुरुस्त होता, जगच धावायला लागलं होतं.

डेस्कटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं म्हातारपण समजून घ्यायचं तर भोसरी-चाकणच्या टूलरूममध्येच जावं. तिथे मोजमापाचं एक यंत्र असतं, खाली ग्रॅनाइटचा जाड ओटा, वर सरकणारा हात, टोकाला मण्याएवढं माणिक. ओट्याला पंचवीस वर्षांत काही होत नाही. पण ते यंत्र ज्या पीसीला जोडलंय त्याच्या पोटात एक खास कार्ड आहे, त्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीपुरताच लिहिलेला. एक्सपी 2001 ची. 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टनं तिच्याकडे पाठ फिरवली. यंत्र बदलायचं तर किंमत लाखांत. म्हणून मालक पीसी जगवतो. इंटरनेटची तार काढलेली, यूएसबीच्या खाचेवर चिकटपट्टी. एटीएममध्येही एक्सपीच होती, पण तिथे जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तारखा ठरवून दिल्या आणि बँकांना हलावं लागलं. टूलरूमला तारीख देणारं कुणी नाही.

अशा पीसीचे अवयव मिळवायला मी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जातो. जुन्या खाचांचे मदरबोर्ड, हार्डडिस्क जोडायच्या आयडीईच्या केबली, कधी चालू हार्डडिस्क. विकणाऱ्याला त्यात काय आहे ते माहीत नसतं, फक्त मी दुसऱ्यांदा उचलून पाहिलं की भाव चढतो. फिरत्या हार्डडिस्कऐवजी कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या ॲडॉप्टरवर बसवता येतं. त्या कार्डाला आयडीईची बोली मुळातच येते, जुन्या यंत्राला फरक कळत नाही. श्रीमंत घरात आयबीएम जे करते ते इथे मी आणि जुन्या बाजारातला माणूस मिळून करतो. आम्हाला मासिक भाडं मिळत नाही एवढंच.

मराठीच्या बाबतीत हे दुखणं आणखी वेगळं झालं. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. परम महासंगणकाचं नाव सगळ्यांना ठाऊक. माझ्या धंद्याला उपयोगी पडलं ते त्यांचं जिस्ट कार्ड. मूळ संशोधन आयआयटी कानपूरचं. ते कार्ड पीसीत बसवलं की डॉसवरच्या डीबेस-फॉक्सप्रोत, प्रोग्रॅमला धक्का न लावता, मराठी टंकता आणि वाचता येई. आत 'इस्की' पद्धतीनं अक्षर अक्षर म्हणूनच साठवलं जाई. जोडाक्षर पडद्यावर कसं दिसावं हे कार्ड ठरवी. 1991 मध्ये ती पद्धत भारतीय मानक झाली, आणि युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. परिणाम असा, की इस्कीतली एक सभासद-यादी अलीकडे मी संध्याकाळच्या चहापर्यंत युनिकोडमध्ये आणली. नावंही बिघडली नाहीत.

अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांकडे मात्र वेगळं चित्र. पेजमेकर 7 हे पानं लावायचं सॉफ्टवेअर 2001 चं, 2004 नंतर ॲडोबीनं त्यात काही भर घातली नाही. तरी गाईडं, पत्रिका, स्मरणिका, कितीतरी दिवाळी अंक त्यावर लागले. पेजमेकरला देवनागरी कळत नव्हती. म्हणून पुण्याच्याच मॉड्युलरची श्रीलिपी आणि तिच्यासारखे इतर फाँट इंग्रजीच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवून काम भागवत, आणि सुंदर भागवत. त्या काळाला दुसरा इलाज नव्हता. पण फायलीत मराठी नाही, चित्रांचे तुकडे आहेत. फाँट काढून घेतला की पानभर रोमन अक्षरांचा कचरा. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली, रफार नंतर. प्रत्येक फाँटचा तक्ता निराळा. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची पुन्हा आवृत्ती काढायची म्हणून फाइल माझ्याकडे येते तेव्हा कन्व्हर्टर चालवून मी ती प्रूफरीडरकडे पाठवतो आणि त्यांचे शिव्याशाप ऐकतो. तिथला माणूस एक्सपी का सोडत नाही, हे त्याला हसण्याआधी पाहावं: त्याची सगळी जुनी पानं फक्त त्याच खोलीत मराठी आहेत.

आणि काही वेळा नवं घ्यायचं ठरतं, पैसेही असतात, तरी जुनं हटत नाही. एका पतसंस्थेनं फॉक्सप्रो सोडून तयार पॅकेज घेतलं. महिनाभर दोन्ही शेजारी शेजारी चालवली. सहामाही व्याज काढलं आणि तेरीज जुळेना. फरक पैशांचा, पण हजारो खात्यांवर. जुना प्रोग्रॅम दर महिन्याचं व्याज पैशापर्यंत पूर्ण करून मग सहा महिन्यांची बेरीज मारायचा. नवा सगळं मिळवून शेवटी एकदाच. शिवाय जुना दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक धरायचा. बँकांनी ती रीत 1 एप्रिल 2010 पासून सोडली आणि रोजच्या शिलकीवर व्याज देऊ लागल्या. या संस्थेनं सोडली नव्हती, कारण प्रोग्रॅमनं सोडली नव्हती. पॅकेजवाले म्हणाले, आमचं बरोबर आहे. गणितानं बरोबरच होतं. पण खातेदारांची पासबुकं जुन्या रीतीनं छापलेली होती.

पुढे आणखी एक निघालं. एका ठरावीक तारखेआधीच्या ठेवींना प्रोग्रॅम पाव टक्का जास्त देत होता. का, ते कुणालाच आठवेना. माळ्यावरची इतिवृत्तं काढली, तेव्हा संस्थेच्या रौप्यमहोत्सवाचा ठराव सापडला. त्यात सवलत एका वर्षापुरती होती. प्रोग्रॅमरनं सुरुवातीची तारीख घातली, शेवटची घातली नाही. ठेवी नूतनीकरण होत गेल्या आणि पाव टक्काही. संचालक मंडळाची लांबलचक सभा झाली. मॅनेजर मॅडमनी शांतपणे विचारलं, "म्हाताऱ्या माणसांकडून दिलेलं परत मागणार आहात का?" कुणी मान वर केली नाही. शेवटी इतक्या वर्षांच्या पाव टक्क्याला कार्योत्तर मंजुरी मिळाली. एका इफच्या मागे शेवटची तारीख नव्हती, म्हणून संस्थेचं धोरण तयार झालं, आणि नव्या पॅकेजमध्ये ते धोरण घालून द्यायचे पॅकेजवाल्यांनी वेगळे पैसे मागितले. पॅकेज परत गेलं.

या संस्थेत डॉसचे प्रोग्रॅम 32 बिटी विंडोज 10 वर चालत होते. 64 बिटी विंडोज ते चालवत नाही आणि विंडोज 11 तर 64 बिटीच आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. माझ्या बऱ्याच पार्ट्या मी व्हीडॉसवर हलवल्या. डॉसबॉक्स हा जुने गेम खेळता यावेत म्हणून शौकिनांनी लिहिलेला प्रोग्रॅम. व्हीडॉस त्याचंच कारकुनी भावंड, फायलींचं लॉकिंग आणि छपाई नीट सांभाळणारं. फॉक्सप्रो त्यावर पहिल्यापेक्षा वेगानं धावतं. पतसंस्थेच्या मॅडमना मात्र हे पटेना. खेळण्यावर ठेवी ठेवायच्या का, म्हणाल्या.

"मग नव्यानं लिहू," मी म्हटलं.

"कशात?"

"पायथनमध्ये. डेटा पोस्टग्रेसमध्ये."

"ते टिकेल ना? परत दहा वर्षांनी हेच नको."

मी खरं ते सांगितलं. पायथन 1991 मध्ये आलं. फॉक्सप्रो 2.0 सुद्धा 1991 चं. पोस्टग्रेसची सुरुवात तर 1986 ची, बर्कलेच्या विद्यापीठातली. आणि पायथनचं वागणंही धुतल्या तांदळासारखं नाही: दुसऱ्या आवृत्तीचे प्रोग्रॅम तिसऱ्यावर जसेच्या तसे चालत नव्हते, आणि 1 जानेवारी 2020 ला दुसरीचा आधार संपला. कोबोलवाल्यांनी असं केलं असतं तर बँकांनी त्यांना उभं केलं नसतं.

"म्हणजे तुम्ही आम्हाला आणखी जुनं देताय," मॅडम म्हणाल्या.

"जुनं आहे, पण मालक एकटा नाही. एका कंपनीनं ठरवलं म्हणून बंद होणार नाही. आणि मी नसलो तरी पुण्यात हे येणारी मुलं गल्लोगल्ली आहेत."

"गल्लोगल्ली आहेत, पण पंचवीस हजारांत एएमसी घेणारा त्यांच्यात कोण आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एएमसी म्हणजे वर्षाच्या देखभालीची रक्कम; ती वाढवून मागितली, थोडी वाढवून मिळाली. व्याजाचे नियम आधी मराठीत कागदावर लिहून घेतले, रौप्यमहोत्सवाच्या पाव टक्क्यासकट, आणि त्यावर अध्यक्षांची सही घेतली. मंडळाची एक अट होती: पासबुकं जुन्याच डॉट मॅट्रिक्सवर, जुन्याच साच्यात छापली गेली पाहिजेत, खातेदाराला बदल दिसता कामा नये. म्हणून सध्या मी पायथनमधून प्रिंटरला एप्सनचे एस्केप कोड पाठवत बसलोय, ऐंशीच्या दशकात ठरलेले. ठळक अक्षर, बारीक अक्षर, ओळीचं अंतर, सगळं पहिल्या फटक्यात आलं. पासबुकाच्या मधल्या शिवणीवरून उडी मारताना एक ओळ अजून खाली सरकते, तेवढं राहिलंय.